भोगीच्या भाजीत घरचा बटाटा पडेल का?

गच्चीवाली_पुणे: मंडळी, गेल्या वर्षी गणपती गेल्या गेल्या ग्रो बॅगेत बटाटे लावले, टोपलीतलेच मोड आलेले, म्हटलं लवकर लावले की लवकर मिळतील, दिवाळीला घरचा बटाटा! पाला काय माजला म्हणता, बघणारे बघत राहायचे. उपटलं तर खाली गोट्यांएवढे पाच. यंदा निदान भोगीला तरी मिळावेत. खत कमी पडलं का?

मंचरकर: ताई खत कमी नाही, झालं तर जास्तच झालं असेल. खरा घोळ रात्रीच्या उकाड्याचा. बटाटा धरायला रात्री 15 ते 20 अंश लागतात, त्याच्यावर गेलं की झाड सगळं पाल्यात घालतं. भोगी 13-14 जानेवारीला येते, तिथून 90 दिवस मागे मोजा, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्याला लावायचा. बियाणं कुफरी पुखराज मिळालं तर उत्तम, लवकर येणारा वाण आहे.

नवशिका_माळी: पण काका सातगाव पठारावर तर जूनमध्येच लावतात ना?

मंचरकर: अरे ते पठार उंचावर, पावसाळ्यात गारठा असतो तिथे. गच्चीचा स्लॅब म्हणजे तवा.

परसबाग_नाशिक: लवकर हवे असतील तर लावायच्या आधीच दोन आठवडे बटाटे अंड्याच्या ट्रेमध्ये डोळे वर करून ठेवा, उजेडात पण उन्हात नाही. अंधारात ठेवलं तर पांढरे लांबलचक कोंब येतात आणि हात लागला की मोडतात, उजेडात आखूड जाड येतात. आणि कापून लावू नका हो, शेतात चालतं ते, ऑक्टोबरात एखादा पाऊस आला की बॅगेत फोडी सडतात, माझ्या सडल्यात. अंड्याएवढा अख्खा लावायचा, एका बॅगेत एकच. बॅग आधी अर्धीच भरा, रोप वीतभर झालं की माती-शेणखताची भर, परत वाढलं की परत भर. उघडा राहिलेला बटाटा हिरवा पडतो, तो खायचा नाही.

गच्चीवाली_पुणे: अय्या, मी तर बॅग पहिल्याच दिवशी काठोकाठ भरली होती! आजच ट्रे मांडला, बारा बटाटे डोळे वर करून. नवरा विचारतोय हे भाजीचे की पूजेचे.