अक्ताविस्त: खर्जगायक म्हणावं का?

रशियन चर्चसंगीतावरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. त्यात ‘ऑक्टाव्हिस्ट’ हा शब्द सारखा येतो. ‘खर्जगायक’ चालेल का? की ‘ढाल्या आवाजाचा गायक’?

— ढाला ही आवाजाची जात झाली. इटालियन ‘बासो प्रोफुंदो’ला, म्हणजे अतिशय खोल पुरुषी आवाजाला, ते शोभेल. अक्ताविस्त, म्हणजे तुमचा ऑक्टाव्हिस्ट, हे नाव कामावरून पडलंय, आपल्या झीलकऱ्यासारखं. वृंदातले बाकीचे बास (सर्वांत खालच्या आवाजाचे पुरुष गायक) जे गातात, तेच हा एक सप्तक खालून गातो. रशियन ऑर्थडॉक्स उपासनेत वाद्यं नसतात, ऑर्गनसुद्धा नाही. मग खालचा भरणा गळ्यानेच करायचा.

त्यामुळे या माणसाची उभी कारकीर्द वृंदात जाते. ऑपेरातल्या बास भूमिकांना इतकं खाली उतरावं लागत नाही; ऑपेरातला बास शाल्यापिन एवढा गाजला, पण तो अक्ताविस्त नव्हता. पुढे येऊन एकट्याने गायची संधी क्वचित. रशियन संगीतकार चेस्नोकोवची ‘म्हातारपणी मला टाकू नकोस’ ही प्रार्थना त्यातली एक, ती खास अशाच आवाजासाठी आहे. अक्ताविस्त व्लादिमिर पास्युकोव (1944–2011) यांचं गाणं जरूर ऐका.

— खाली म्हणजे किती, तेही सांगायला हवं. रशियन संगीतकार रखमानिनोवच्या 1915च्या ‘रात्रजागर उपासने’त पाचव्या भागाच्या शेवटी बास पायरी पायरीने उतरत काळी पाचवर टेकतात, साधारण 58 हर्ट्झ. पेटीवर काळी एकचा सा धरलात तर मंद्र सा सुद्धा वरच राहतो. हा त्याखालचा शुद्ध धैवत! गायकवृंदाचा संचालक दानिलिन तो भाग ऐकून म्हणाला होता, असे बास आणायचे कुठून? रखमानिनोवला आपल्या लोकांचे गळे ठाऊक होते. त्याने स्वर बदलला नाही.

— मग ‘खर्जगायक’मध्ये वावगं काय?

— खर्ज म्हटलं की आपल्याला पहाटेचा रियाज आठवतो. तो कुठलाही गवई करतो, बायकाही करतात. वृंदातली नेमलेली जागा त्यातून कळत नाही. मी तर मूळ शब्दच ठेवीन आणि पहिल्या उल्लेखाला ‘एक सप्तक खालून गाणारा बास’ असं लिहीन. उच्चार ‘अक्ताविस्त’च, आघात शेवटच्या अवयवावर असल्याने रशियनमध्ये सुरुवातीच्या ‘ओ’चा ‘अ’ होतो.

आणि लेखात नुसतं ‘अक्तावा’ दिसलं तर लगेच ‘सप्तक’ लिहून मोकळे होऊ नका. रशियन लोक त्या आवाजालाही अक्तावाच म्हणतात.