मदत हवी आहे: २००-३०० किमीच्या राइडसाठी सायकलला कॅमेरा कोणता घ्यावा, कुठे आणि कसा लावावा?

घाटवळण

यंदाच्या २०० आणि ३०० किमीच्या ब्रेव्हेसाठी (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) सायकलला कॅमेरा लावायचा आहे. वेळमर्यादा माहीत आहेतच: २०० ला साडेतेरा तास, ३०० ला २० तास. रस्ता बराचसा पुणे-सातारा हायवे आणि वाई-पाचगणी. ३०० मध्ये रात्रीचा भाग येणारच.

मुख्य हेतू: कोणी खेटून गेलं, कट मारला तर गाडीचा नंबर मिळावा. घाटातलं थोडं फुटेज मिळालं तर बोनस.

हँडलबार ३१.८ मिमी, सीटपोस्ट (सीटखालची दांडी) कार्बनचा २७.२ मिमी, त्याच्यावर मोठी सीटबॅग. बजेट ३० हजार, थोडं मागेपुढे.

प्रश्न:
१) पुढे, मागे की दोन्हीकडे?
२) ४के लागतंच का?
३) इतके तास बॅटरी पुरवायची कशी?
४) घरात एक जुना चांगला फोन पडून आहे. तोच हँडलबारला लावला तर?

---

खड्डेशास्त्री

चौथ्याचं उत्तर आधी: नको. चांगल्या फोनच्या कॅमेऱ्यात लेन्स स्थिर ठेवणारी बारीक हलती यंत्रणा असते. सततच्या कंपनांनी ती बिघडते आणि मग फोटो कायमचे धूसर येतात. मोटरसायकलच्या हँडलबारला आयफोन लावू नका, असं खुद्द अ‍ॅपलनेच २०२१ साली सांगितलं होतं. सायकलला इंजिन नाही हे खरं, पण टायरमध्ये ८० पीएसआयची कडक हवा आणि खाली आपले रस्ते. शिवाय तोच फोन उन्हात तापून मध्येच बंद पडणार.

---

फ्रीव्हील

पहिला प्रश्न. लोक "मागून धोका" म्हणून फक्त मागे कॅमेरा लावतात. पण ओव्हरटेक करणाऱ्या गाडीची मागची नंबरप्लेट दिसते ती पुढच्या कॅमेऱ्याला, ती पुढे गेल्यावर. गाडी कशी आली, किती जवळून आली, इंडिकेटर होता का, हे मागचा कॅमेरा सांगतो. मागच्याला पुढची प्लेटही दिसते, पण रात्री हेडलाइटच्या झोतात ती हमखास बुडते. एकच घ्यायचा असेल तर पुढचा घ्या. हे अनेकांना उलटं वाटेल, पण तुमचा हेतू नंबर मिळवणं हा आहे.

आता ४के. त्याचं उत्तर आकडेमोडीतच आहे. कारच्या हाय सिक्युरिटी प्लेटची रुंदी ५०० मिमी, तिच्यावर साधारण १० अक्षरं-अंक, म्हणजे एकाच्या वाट्याला ५ सेंमी. कॅमेऱ्याचा आडवा कोन ९० अंश धरला तर ८ मीटरवर चित्राची रुंदी १६ मीटर होते. १०८०पी मध्ये आडवे १९२० पिक्सेल. मीटरला १२०, अक्षराला ६. इतक्यात "८" आणि "३" वेगळे ओळखता येत नाहीत, निदान ८ ते १० पिक्सेल लागतात. त्याच अंतरावर २.७के ला (१०८०पी आणि ४के यांच्या मधलं रिझोल्यूशन) साडेआठच्या आसपास मिळतात, ४के ला १२.

आणि कोन १२० अंश केला, म्हणजे तो "वाइड", जो दुकानातून आल्यावर बहुधा चालूच असतो, तर १०८०पी मध्ये अक्षराला साडेतीन पिक्सेल उरतात. म्हणजे वाइडवर ४के लावलं तरी ते ९० अंशांवरच्या २.७के पेक्षा कमी कामाचं. आधी कोन "लिनियर" किंवा "नॅरो" (अरुंद कोनाच्या सेटिंग) करा, मग रिझोल्यूशनचं बोलू. (फिशआय लेन्समध्ये मध्यभागी थोडे जास्त पिक्सेल पडतात, त्यामुळे हा हिशोब अंदाजाचा, पण दिशा हीच.)

दुचाकीची मागची प्लेट २०० x १०० मिमी, दोन ओळींत. अक्षर ४ सेंमीच्या आत. तिथे आणखी जवळून फ्रेम मिळावी लागते.

वेळही पाहा. तुम्ही २५ च्या वेगाने, गाडी ७० ने. फरक ताशी ४५ किमी, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. ५ ते १० मीटरच्या टप्प्यात ती ०.४ सेकंद असते. ३० एफपीएसला (सेकंदाला ३० फ्रेम) १२ फ्रेम. त्यातली एक स्वच्छ हवी.

---

घाटवळण

हे छान समजलं. म्हणजे २.७के, लिनियर. पण त्या १२ फ्रेम धूसर आल्या तर?

---

फ्रीव्हील

येतातच, ऑटोवर सोडलं तर. संध्याकाळनंतर कॅमेरा शटर १/३० सेकंदावर नेतो. साडेबारा मीटर प्रति सेकंदाने तेवढ्या वेळात गाडी ४० सेंमी सरकते. गाडी सरळ पुढे जात असेल तर प्लेट फक्त लहान होत जाते, धूसरपणा कमी. पण ती तुमच्यासमोर तिरकी घुसली की सगळं पुसलं जातं. खड्ड्यामुळे तुमचा कॅमेरा हलतो ते वेगळंच.

दिवसा: शटर ऑटो चालेल, पण एक्स्पोजर -०.५ ठेवा. पांढरी प्लेट उन्हात फटफटीत होते, ते टळतं.

रात्री: शटर १/१०० वर पक्कं करा, आयएसओची (प्रकाशाच्या संवेदनशीलतेची) कमाल मर्यादा १६०० किंवा ३२००, एक्स्पोजर -१. चित्र काळोखं दिसेल, पण प्लेट परावर्तक असते, तुमच्या पुढच्या दिव्यानेच ती उजळते. १/१०० एवढ्यासाठी की आपली वीज ५० हर्ट्झची. १/५० किंवा १/१०० ला रस्त्यावरच्या दिव्यांची फडफड येत नाही. सेटिंगमध्ये "अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झ" निवडा. मग ३० ऐवजी २५ एफपीएस दिसेल, घाबरू नका.

इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन रात्री बंद. अंधारात ते प्रत्येक धूसर फ्रेमला ओढून जुळवायला जातं आणि चित्र जेलीसारखं थरथरतं. शिवाय ते कडा कापतं आणि बॅटरी खातं.

साताऱ्याकडून परतताना खंबाटकीचा बोगदा लागतो. आत शिरताना दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही, त्याला इलाज नाही.

---

डायनामो

तिसरा प्रश्न. लांबच्या राइडचा कॅमेरा इथेच जिंकतो किंवा हरतो, रिझोल्यूशनवर नाही.

सध्याच्या बहुतेक अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांची बॅटरी १७००-१९०० एमएएच, म्हणजे ६.५-७ वॉट-तास. सलग रेकॉर्डिंगला ती पावणेदोन ते दोन तास टिकते, म्हणजे खप साडेतीन वॉटच्या आसपास. साडेतेरा तासांना ४७ वॉट-तास, २० तासांना ७०.

बॅटऱ्या बदलत राहायचं तर २०० ला आठ लागतील. प्रत्येक वेळी थांबा, झाकण उघडा, घामट बोटं, कार्ड बाहेर. नको.

पॉवर बँक: १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-तास, हाती येतात ३० च्या आसपास. २०,००० चे ७४, हाती ६०. कॅमेरा एकच असेल तर २०० ला २०,००० ची एक बँक पुरते, ३०० ला थोडी कमी पडते. त्याच बँकेतून फोन आणि दिवेही चार्ज करणार असाल तर हिशोब नव्याने करा. तळहातावर वजन घेऊन पाहा: ही बँक साडेतीनशे ग्रॅमच्या पुढे जाते.

डायनामो हब (चाक फिरताना वीज बनवणारा) असेल तरी (माझ्या नावाचा विनोद समजा) त्याच्यावर भिस्त नको. ३ वॉटचा हब, यूएसबी कन्व्हर्टरनंतर अडीच वॉट, तेही २० च्या वेगाला. वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात ८ ने चालताना जवळपास काहीच मिळत नाही.

जोडणी: बँक टॉप ट्यूबच्या (फ्रेमच्या वरच्या नळीच्या) बॅगेत, स्टेमला (हँडलबार धरणाऱ्या तुकड्याला) टेकून. केबल ३० सेंमी, कॅमेऱ्याकडची पिन काटकोनी. हँडल पूर्ण वळवून पाहा, केबल ताणली जाता कामा नये. कॅमेऱ्यात शिरण्याआधी केबलला खाली झुकणारा एक वेढा द्या म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. बॅटरीच्या झाकणाऐवजी केबलसाठी भोक असलेलं झाकण मिळतं, ते घ्या. पण ते लावलं की कॅमेऱ्याचं वॉटरप्रूफपण संपलं.

आतली बॅटरी काढून ठेवा. कॅमेरा कमी तापतो.

---

चेनलूब

डायनामोंच्या शेवटच्या ओळीशी असहमत. बॅटरी काढली आणि केबल एका खड्ड्यात क्षणभर जरी सुटली, तरी कॅमेरा तिथल्या तिथे मरतो आणि चालू फाइल बंद होत नाही. अशी फाइल नंतर उघडत नाही. आणि केबल नेमकी धडकेच्या क्षणीच सुटते, जेव्हा फाइल हवी असते. बॅटरी आत राहू द्या. सायकल चालत असताना वारा पुरेसा लागतो, तापतो तो कंट्रोलवर (ब्रेव्हेच्या तपासणी थांब्यावर) उन्हात उभा असताना. तिथे रेकॉर्डिंग बंद करा.

---

डायनामो

मान्य, तुमच्या हेतूसाठी चेनलूब बरोबर आहेत. निव्वळ निसर्गाच्या फुटेजसाठी काढली तर चालेल.

---

चेनलूब

कार्ड आणि लूप रेकॉर्डिंग. २.७के ला साधारण ६० एमबीपीएस धरा, म्हणजे तासाला २७ जीबी. १२८ जीबीचं कार्ड पावणेपाच तासांत भरतं. लूप चालू केलं की सगळ्यात जुना तुकडा पुसून नवा लिहिला जातो, म्हणून पुरावा हाच हेतू असेल तर १२८ पुरे. घाट ठेवायचा असेल तर २५६. लूपची वेळ "मॅक्स"वर ठेवा: बऱ्याच अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांत ५ मिनिटं निवडली तर शेवटची ५ मिनिटंच उरतात. काही कॅमेऱ्यांत लूप ठरावीक रिझोल्यूशनलाच चालतं, घेण्याआधी बघा.

कार्ड व्ही३० (सलग लिहिण्याच्या वेगाचा दर्जा) आणि शक्यतो "हाय एन्ड्युरन्स" प्रकारचं. साधी कार्डं सतत पुसून-लिहून लवकर मरतात. नवं कार्ड आलं की संगणकावर पूर्ण भरून परत वाचून तपासा. नकली २५६ मध्ये खरी जागा ३२ असते आणि ते तक्रार न करता वरच्यावर लिहीत राहतं. फॉरमॅट कॅमेऱ्यातच, प्रत्येक राइडआधी.

तारीख-वेळ! बॅटरी बरेच दिवस रिकामी राहिली की काही कॅमेऱ्यांचं घड्याळ शून्यावर जातं आणि व्हिडिओवर भलतंच साल उमटतं. निघण्याच्या आदल्या रात्री फोनच्या अ‍ॅपला जोडून जुळवून घ्या.

काही घडलंच, तर आधी ११२. मग रेकॉर्डिंग थांबवा, नाहीतर लूप स्वतःचाच पुरावा पुसेल. कार्ड काढून वेगळं ठेवा. क्लिप कापू नका, नाव बदलू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि प्लेटचे ते साडेआठ पिक्सेल जातात. पाठवायचाच तर "डॉक्युमेंट" म्हणून. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्य (फाइलचा डिजिटल ठसा) द्यावं लागतं. त्यासाठी मूळ फाइल जशीच्या तशी असणं महत्त्वाचं.

---

खड्डेशास्त्री

माउंट. चित्र खराब होण्याचं निम्मं कारण कॅमेरा नसतो, माउंट असतो. नियम एकच: सांधे कमी, दांडी आखूड. तीन सांध्यांचा "फिरता हात" घेऊ नका. प्रत्येक सांधा थोडा हलतो आणि टोकाला त्याची बेरीज होते.

सर्वात घट्ट म्हणजे स्टेमच्या पुढच्या प्लेटच्या बोल्टवर बसणारा धातूचा माउंट. त्याच्यासोबत थोडे लांब एम५ बोल्ट येतात. आखूड वापरले तर आटे पुरेसे धरत नाहीत, स्टेमसाठी हे धोक्याचं. एका वेळी एकच बोल्ट काढा आणि स्टेमवर छापलेल्या टॉर्कनेच आवळा, बहुधा ५ एनएम (न्यूटन-मीटर).

त्याखालोखाल सायकल कॉम्प्युटरच्या आउट-फ्रंट (हँडलबारच्या पुढे येणाऱ्या) माउंटला खालून लटकवणं. ही ब्रॅकेट धातूची हवी, प्लास्टिकची कॅमेऱ्याच्या दीडशे ग्रॅम वजनाने रंबलरवर तुटते. कॅमेरा उलटा बसतो, म्हणून ओरिएंटेशन "डाउन" वर लॉक करा. ऑटोवर ठेवलं आणि आडव्या सायकलवर रेकॉर्डिंग सुरू झालं, तर सगळी फाइल आडवी.

बोल्टला निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव). आणि कॅमेऱ्याला एक सुटी दोरी, फ्रेमला बांधलेली. माउंट तुटला तरी कॅमेरा चाकात किंवा मागच्याच्या तोंडावर जायला नको. हेल्मेटवर लावू नका. पडल्यावर डोक्याशी कडक वस्तू नको.

---

घाटवळण

मागचा कॅमेरा नंतर घेईन म्हणतो. सीटबॅगमुळे जागा नाही. बॅगेच्या दिव्याच्या पट्टीला लटकवला तर? आणि रडारवाला गार्मिन कसा?

---

फ्रीव्हील

गार्मिनचा व्हेरिया आरसीटी७१५: रडार, दिवा आणि १०८०पी कॅमेरा एकत्र. रडार १४० मीटरवरून गाडीची सूचना देतं, ते खरंच कामाचं. पण रेकॉर्डिंगसह बॅटरी कंपनीच्याच आकड्यांनुसार ४ ते ६ तास आणि किंमत तुमच्या बजेटच्या वर. ब्रेव्हेसाठी त्यापेक्षा नुसतं रडार आणि पुढे कॅमेरा ही जोडी बरी.

---

खड्डेशास्त्री

बॅगेची पट्टी नाही. कापड डुलतं, फुटेज बघून मळमळेल.

बॅगेखाली सीटपोस्ट ६-७ सेंमी उघडा असेल तर तिथे. कार्बन आहे म्हणून जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून मगच क्लॅम्प, आणि हाताने फिरवून सरकत नाही इतकाच घट्ट. सीट ट्यूबचा कोन ७३ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे क्लॅम्पला १७ अंश तरी खाली-वर करता आलं पाहिजे. नाहीतर कॅमेरा खाली चाक आणि रस्ताच बघेल. क्षितिज चित्राच्या वरच्या तिसऱ्या भागात ठेवा.

जागाच नसेल तर उजव्या सीटस्टेवर (सीटखालून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर). आपल्याकडे गाड्या उजवीकडून ओव्हरटेक करतात. मडगार्ड मात्र हवाच. ओल्या रस्त्यावर मागचं चाक दहा मिनिटांत लेन्स रंगवतं.

---

घाटवळण

नक्की केलं: एकच, पुढे, २.७के लिनियर, मागच्या पिढीचा अ‍ॅक्शन कॅमेरा, २०,००० ची बँक, १२८ चं कार्ड. अवकाळी पाऊस आला तर काय?

---

डायनामो

केबल काढा, मूळ बंद झाकण लावा आणि आतल्या बॅटरीवर चालवा, पाऊस थांबेपर्यंत. म्हणून मूळ झाकण सोबत ठेवायचं, घरी नाही. झाकण बदलताना आत दमट हवा अडकली की लेन्सच्या आतून वाफ धरते, म्हणून ते आडोशाला बदला. लेन्सवर थेंब साचले तर जिभेने चाटून हलकं पुसा. किळसवाणं आहे, पण पाण्याचा पातळ थर होतो आणि थेंब धरत नाही.

---

चेनलूब

आणि ब्रेव्हेआधी एक चाचणी. ओळखीची गाडी उभी करा. तिच्या मागे ५, ८ आणि १० मीटरवर खडूने रेघा मारा. दिवसा एकदा, अंधारात दिवा लावून एकदा, प्रत्येक रेघेवरून सायकल चालवत पुढे जा. घरी येऊन फ्रेम थांबवून प्लेट वाचा. ८ वर वाचता येत नसेल तर आधी कोन तपासा, मग शटर, मग लेन्सवर राहिलेली ती प्लास्टिकची फिल्म.