माशांच्या टाकीत सम्पमधून पाणी वर हळू येतंय, पंप बदलू का पाईप?

विश्रामबागचा_एंजल
नमस्कार मंडळी, सांगलीतनं लिहितोय. टाकी ३ बाय दीड बाय दीड फूट, काठोकाठ धरली तर १९० लिटर, एंजल आणि थोडे टेट्रा मासे आहेत. खालच्या कपाटात सम्प केलाय, म्हणजे टाकीतलं पाणी खाली येऊन गाळलं जातं आणि पंपाने परत वर जातं. पंपाच्या बॉक्सवर ताशी २००० लिटर आणि उंची २ मीटर छापलंय पण वर धार येतेय करंगळीएवढी. स्पंज धुतला, इम्पेलर (पंपातला फिरता पंखा) काढून साफ केला, काय फरक नाही. दुकानदार म्हणतोय ताशी ३५०० लिटरचा घ्या. घेऊ का?

साताऱ्याचा_टाकीवाला
थांब भावा, पैसे घालवू नको. २००० हा आकडा शून्य उंचीचा असतो, २ मीटरवर तोच पंप थेंब टाकत नाही. आधी मोज. वरच्या तोंडाखाली १० लिटरची बादली धर आणि मोबाईलवर सेकंद बघ, फक्त तेवढ्यात खाली पंप कोरडा पडू देऊ नको. पाईप किती इंची? एल्बो (काटकोनी जोड) किती?

विश्रामबागचा_एंजल
बादलीला एक मिनिट, म्हणजे ताशी ६०० च की! पाईप अर्धा इंची, एल्बो पाच, उंची ४ फूट. पंप विटेवर ठेवून वर घेतला तर?

साताऱ्याचा_टाकीवाला
त्याने काही होत नाही. उंची सम्पमधल्या पाण्याच्या पातळीपासून धरतात, पंप कुठं बसलाय त्याला महत्त्व नाही. खरा चोर तो अर्धा इंची पाईप. पाऊण किंवा एक इंची टाक, एल्बोच्या जागी लवचिक नळी मोठ्या वळणाने ने, आणि वरचं तोंड टाकीच्या पाण्यालगत खाली आण, विनाकारण वर चढवून पाडायची काय हौस. पण तोंड पाण्यात बुडणार असेल तर पाईपला पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाड, नाहीतर लाईट गेली की पाणी उलटं सम्पमध्ये येतं. भोक शेवाळाने बुजतं, अधूनमधून काडी घालायची.

मिरजेचा_गप्पीवाला
दुकानदाराला शिव्या नकोत पण एंजलला जोराचा प्रवाह नकोच असतो राव, ताशी टाकीच्या ४-५ पट पाणी फिरलं तरी बास. आणि ३५०० चा लावल्यावर टाकीतनं पाणी खाली सम्पमध्ये नेणाऱ्या ओव्हरफ्लोच्या पाईपला झेपणार का ते आधी बघा, नाहीतर कृष्णामाई थेट हॉलमध्ये. दुसरं, सम्पमध्ये वूल (कचरा गाळायचा कापूस) सगळ्यात आधी ठेवा आणि सिरॅमिक रिंगा नंतर. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की वूल पटकन चोंदतं, ते बदला, पण रिंगा नळाच्या पाण्याने धुऊ नका, क्लोरीनने त्यांच्यावरचे अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया मरतात आणि अमोनिया चढतो. टाकीतनं काढलेल्या पाण्यात नुसत्या हलवायच्या.

विश्रामबागचा_एंजल
पाऊण इंची नळी टाकली, तोंड अर्धा फूट खाली घेतलं, भोक पण पाडलं. बादली आता ४५ सेकंदात, म्हणजे ८००. लाईट मुद्दाम बंद करून बघितली, सम्प काठापर्यंत आला पण सांडला नाही.

साताऱ्याचा_टाकीवाला
झालं की मग! काठापर्यंत आला म्हणतोस तर सम्पमधलं पाणी दोन बोटं कमी ठेव. तेवढ्याने उंचीत फार फरक पडत नाही.