ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात गाडी घ्यायची आहे, पर्सनल लोन सगळ्यात कमी रेटने कुठे मिळेल?

लष्करकर_ग्वाल्हेर
नमस्कार मंडळी, मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो, नोकरी मालनपूरला, हातात महिन्याला 46 हजार येतात. बाबांची एंजिओप्लास्टी झाली तेव्हापासून त्यांना बाइकवर मागे बसवून दवाखान्यात न्यायचं म्हणजे माझाच जीव वर-खाली होतो, त्यात जानेवारीतलं इथलं धुकं तुम्हाला माहीतच आहे. म्हणून यंदा मेळ्यात रोड टॅक्सची 50 टक्के सूट असेल तेव्हा छोटी पेट्रोल गाडी घ्यायचीच असं ठरवलंय. जवळ अडीच लाख आहेत, 5 लाख कमी पडतात. बँकेच्या ॲपमध्ये प्री-अप्रूव्हड पर्सनल लोन दिसतंय, 13 टक्के, 5 वर्षं, EMI 11,377, पैसे लगेच खात्यात. दुसरीकडे एका फायनान्सवाल्याचा माणूस म्हणतो "सर 7 टक्क्यात करून देतो", त्याचा EMI 11,250. मला 7 वालं खूपच स्वस्त वाटतंय पण EMI मध्ये फरक एवढासाच कसा हे कळत नाहीये. पर्सनल लोन याहून कमी रेटने कुणी घेतलंय का, कुठे विचारू?

मुरारची_ताई
अरे दादा, गाडीच घ्यायची आहे तर पर्सनल लोन कशाला? त्यात बँकेकडे तारण काहीच नसतं म्हणून रेट जास्त. कार लोनमध्ये गाडीच बँकेकडे हायपोथिकेट म्हणजे तारण असते, त्यामुळे रेट तीन-चार टक्क्यांनी तरी कमी पडतो. तुझा पगार ज्या बँकेत येतो तिथे आधी जा, ॲपवर नाही, ब्रांचमध्ये जाऊन बस आणि कार लोनचंच विचार. आम्ही असंच केलं होतं, सिटी सेंटरच्या ब्रांचला दोन चकरा झाल्या पण काम झालं. बाबांना जप.

निवृत्त_कॅशियर
बेटा, तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे. EMI मध्ये फरक नाही कारण तो 7 टक्के "फ्लॅट" आहे, त्या माणसाने तो शब्द खाल्ला. हिशेब बघ. 5 लाखाचे 7 टक्के म्हणजे वर्षाला 35 हजार, पाच वर्षांचे 1 लाख 75 हजार, मुद्दल धरून 6 लाख 75 हजार, भागिले 60, झाले 11,250. म्हणजे तू दर महिन्याला मुद्दल फेडत जातोस तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण 5 लाखावरच लागतं. बँक जो रेट सांगते तो घटत्या शिलकेवरचा असतो, त्या हिशेबाने तुझे हे 7 टक्के सरळ 12.5 टक्के होतात. तुझ्या पर्सनल लोनपेक्षा जेमतेम अर्धा टक्का कमी. मी तीस वर्षं काउंटरवर बसून लोकांना या एका शब्दापायी फसताना पाहिलंय, मला याचा फार त्रास होतो.
आता हेच 5 लाख 9 टक्क्यांच्या कार लोनने बघ, EMI 10,379. तुझ्या 13 टक्क्यांपेक्षा महिन्याला हजार रुपये कमी, पाच वर्षांत जवळपास 60 हजार. बाबांच्या औषधांना येतील.
आणि कुणीही तोंडी रेट सांगितला तर "KFS द्या" म्हण. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जांना ते एक-दोन पानी पत्रक (की फॅक्ट्स स्टेटमेंट) सक्तीचं केलंय, त्यात APR लिहिलेला असतो, म्हणजे प्रोसेसिंग फी, इन्शुरन्स वगैरे सगळं धरून वर्षाचा खरा खर्च. दोन ऑफर शेजारी ठेवून फक्त APR बघायचा.

थाटीपूर_वाला
काकांशी सहमत. माझा अनुभव उलट्या बाजूचा. मी जुनी गाडी घेतली होती, 9 वर्षांची, एवढ्या जुन्या गाडीला बँक लोन देईना म्हणून पर्सनल लोन घेतलं, तिथे ते ठीक होतं. पण घाईत मी एका आठवड्यात पाच-सहा ॲपवर अप्लाय केलं आणि प्रत्येकाने सिबिलला, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला, एन्क्वायरी टाकली, स्कोअर खाली आला आणि शेवटी ज्याने दिलं त्याने रेट वाढवूनच दिलं. वर लोन सुरक्षा इन्शुरन्सचा प्रीमियम कर्जातच जोडला, म्हणजे त्यावरपण व्याज भरतोय, सही करताना मी वाचलंच नाही. तर आधी स्वतःचा स्कोअर बघ, स्वतः बघितल्याने तो कमी होत नाही आणि सिबिलसारख्या चारही क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात एखादं बंद झालेलं कार्ड अजून चालू दिसत असेल तर अप्लाय करायच्या आधी दुरुस्त करून घे. मग दोनच ठिकाणी विचार.

मुरारची_ताई
अजून एक राहिलं, सात वर्षांचं लोन देतो म्हणतील, EMI कमी दिसेल, भुलू नकोस. 9 टक्क्यांनी 5 लाखाला सात वर्षांत EMI 8,045 येतो पण व्याज 1 लाख 76 हजार जातं, पाच वर्षांत 1 लाख 23 हजारच.

लष्करकर_ग्वाल्हेर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल त्या माणसाला फोन करून विचारलं फ्लॅट की रिड्युसिंग (घटत्या शिलकेवरचा), तर म्हणाला "सर तुम्ही EMI बघा ना, एकच आहे". फोन ठेवला. आज अर्धी सुट्टी टाकून पगाराच्या बँकेत गेलो, माझा स्कोअर 771 निघाला, कार लोन 9 टक्के, फ्लोटिंग म्हणजे बदलता रेट, ऑन-रोडच्या 85 टक्क्यांपर्यंत देतील म्हणाले. KFS मागितलं तर मॅडमने लगेच काढून दिलं. फक्त एक शंका, मेळ्याची सूट धरून कोटेशन लावू की आधीच्या टॅक्सचं? आणि बोनस आला की मध्येच पैसे भरता येतात का?

निवृत्त_कॅशियर
कोटेशन सूट धरूनच लाव, टॅक्स अर्धा झाला की ऑन-रोड कमी, मग कर्जपण तेवढंच कमी घे. जास्त मंजूर झालं म्हणून उचलू नकोस. सँक्शन आधी करून ठेव म्हणजे मेळ्यातल्या गर्दीत शोरूमवाला त्याच्याच फायनान्सच्या टेबलाकडे ढकलणार नाही. फ्लोटिंग आहे तर आधी फेडल्याचा दंड लागत नाही, बिझनेससाठी नसलेल्या वैयक्तिक कर्जाला रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, बोनस आला की भरत जा. आणि लोन संपलं की बँकेकडून एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन आरटीओत आरसीवरचं हायपोथिकेशन काढून घ्यायचं, लोक हे विसरतात आणि गाडी विकताना अडकतात. गाडी आली की बाबांना पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसव.