मदत हवी आहे: घर विकताना दारासमोर 'फॉर सेल'ची पाटी लावावी का?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत, ईस्ट विंडसरच्या जवळपास राहतो. सतरा वर्षं राहिलेलं टाउनहाऊस एप्रिलमध्ये विक्रीला काढतोय. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्यांचे गुडघे आता जिने चढू देत नाहीत, म्हणून बैठं घर घ्यायचं ठरलंय. कागदपत्रं, रंगकाम, सामान कमी करणं सगळं मार्गी लागलंय. अडलंय ते पाटीवर.

आमच्या एजंटचं म्हणणं, आजकाल लोक घर फोनवर शोधतात, पाटीने फारसा फरक पडत नाही, पण लावायची पद्धत आहे म्हणून लावू. नवऱ्याला पाटी हवीच आहे. आमच्यापासून तिसरं घर ज्यांनी घेतलं, त्यांची बहीण याच वसाहतीत राहते. ती संध्याकाळी फिरायला निघाली असताना तिला पाटी दिसली आणि तिने त्या कुटुंबाला कळवलं. तेव्हा हे लोक घर शोधतसुद्धा नव्हते.

माझी काळजी वेगळी आहे. आम्ही दोघं कामावर गेलो की सासूबाई दिवसभर एकट्या असतात. त्या शेजारच्या घराला पाटी होती तेव्हा एका माणसाने चुकून आमची बेल वाजवली. सासूबाईंनी दार उघडलं, तो बोलत बोलत हॉलपर्यंत आला. त्यांना इंग्रजी समजतं पण पटकन बोलता येत नाही. तो भला माणूस असावा, चूक कळल्यावर माफी मागून गेला. पण सासूबाई पुढचा आठवडाभर दुपारी झोपल्या नाहीत. आता पाटी आमच्याच दारात लागणार म्हटल्यावर त्या काही बोलत नाहीत, फक्त "लावा, तुम्हाला हवी तर" एवढंच म्हणतात. त्यांच्या गावाकडे घरावर 'विकणे आहे' लागलं की घरात काहीतरी बिनसलं असं समजतात, तेही मनात असेल.

त्यात एचओएचं (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचं) पत्र आलंय की लॉन सामायिक आहे, तिथे कसलीही पाटी चालणार नाही. आणि नवऱ्याला लिस्टिंगच्या, म्हणजे घर विक्रीच्या यादीत येण्याच्या, दोन आठवडे आधीच 'लवकरच विक्रीला' अशी पाटी लावून लोकांची उत्सुकता वाढवायची आहे. हे चालतं का?

ज्यांनी अमेरिकेत घर विकलंय त्यांनी कृपया अनुभव सांगा.

पारिजात:
आम्ही २०२१ मध्ये पाटीशिवाय विकलं. चार दिवसांत सात ऑफर आल्या, सगळ्या ऑनलाइन बघून आलेल्यांच्या. आजी घरी एकट्या असतील तर नकोच पाटी. जिवाला घोर कशाला लावून घ्यायचा?

कोरांटी:
पारिजात, २०२१ ची गोष्ट वेगळी होती, तेव्हा कुठलंही घर जात होतं. आम्ही गेल्या वर्षी विकलं. पाटीवरून एकूण पाच-सहा फोन आले असतील, त्यातले दोन "किंमत किती?" विचारून ठेवून देणारे शेजारी. पण ज्यांनी शेवटी घर घेतलं, ते मुलीला शाळेत सोडायला रोज आमच्याच रस्त्याने जायचे. त्यांचा शोध दुसऱ्या गावात चालला होता.

बेलचं म्हणाल तर मुख्य पाटीवर वर-खाली छोट्या पट्ट्या अडकवता येतात, त्यांना रायडर म्हणतात. 'फक्त वेळ ठरवूनच' आणि 'घरातल्यांना त्रास देऊ नका' अशा पट्ट्या तयार मिळतात. एजंटकडून दोन्ही मागून घ्या. पाटीवर फोन नंबर एजंटचाच असू द्या, तुमचा नको. आमच्याकडे तरीही दोघांनी बेल वाजवलीच, हे खरं सांगते. फक्त पट्टीवर विसंबू नका. दाराला कॅमेऱ्याची बेल लावा आणि आजींना सांगून ठेवा की दार उघडायचं नाही, बोलणं तुम्ही फोनवरून कराल.

अजून एक. ओपन हाऊसच्या दिवशी, म्हणजे घर सगळ्यांना बघायला खुलं असतं तेव्हा, कोपऱ्या-कोपऱ्यावर बाणाच्या पाट्या लावतात. पदपथ आणि रस्ता यांच्यामधली गवताची पट्टी बहुतेक ठिकाणी सार्वजनिक हद्दीत येते. आमच्या तीन पाट्या टाउनशिपच्या (गावच्या स्थानिक प्रशासनाच्या) माणसांनी सकाळीच उचलून नेल्या होत्या.

घाटमाथा:
एचओएबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हा विषय तुमच्या अगदी दाराशी घडलेला आहे.

विलिंगबरो हे न्यू जर्सीतलंच गाव. १९७४ मध्ये तिथल्या टाउनशिपने घरांसमोर 'फॉर सेल' आणि 'सोल्ड'च्या पाट्या लावायला बंदी केली. कृष्णवर्णीय कुटुंबं राहायला येऊ लागली म्हणून गोरी कुटुंबं घाबरून घरं विकताहेत, पाट्या दिसल्या की घबराट वाढते, असं टाउनशिपचं म्हणणं होतं. हेतू गाव मिश्र राहावं हाच होता. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७७ मध्ये बंदी एकमताने रद्द झाली. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी निकाल लिहिला. शाळांमधला वर्णभेद मोडणारा खटला ज्यांनी वकील म्हणून लढवला, तेच हे मार्शल. त्यांच्यासमोर असा प्रश्न यावा आणि त्यांनी पाटीच्या बाजूने निकाल द्यावा, याचं मला नेहमी विशेष वाटतं. त्या निकालात एक मुद्दा तुमच्या यजमानांच्या बाजूचा आहे: वर्तमानपत्रातली जाहिरात किंवा दलाल यांना पाटीपेक्षा खर्च जास्त येतो, आणि जो मुद्दाम घर शोधत नाही त्याच्यापर्यंत ते सहसा पोचत नाहीत. तुमच्या त्या शेजाऱ्यांचं तेच झालं ना!

पण तो निकाल सरकारी बंदीबद्दल आहे. एचओए खासगी संस्था आहे. ईस्ट विंडसरच्याच ट्विन रिव्हर्स वसाहतीच्या खटल्यात २००७ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने एचओएचा पाट्यांचा नियम वैध ठरवला. तिथला नियम असा होता: एक पाटी खिडकीत, आणि एक बाहेर फुलांच्या वाफ्यात, घरापासून तीन फुटांच्या आत. म्हणजे एचओए जागा ठरवून देऊ शकते. तुमच्या पत्रात 'लॉनवर नाही' म्हटलंय, पण खिडकी आणि वाफा यांचं काय ते मूळ नियमावलीत बघा. पत्र साधारणपणे सगळ्यांना एकच पाठवतात, नियम त्याहून तपशिलात असतो. ऑफिसकडून उत्तर लेखी घ्या.

मूळ प्रश्नकर्ती:
घाटमाथा, मनापासून आभार. नियमावली कपाटातून काढली आहे, आज रात्री वाचते. नवऱ्याने पाटीखाली लावायला एक ओळ सुचवली आहे: 'शाकाहारी कुटुंबाचं घर, भारतीय कुटुंबाला उत्तम'. स्वयंपाकघर खरंच जपलंय, म्हणून. हे बरं दिसेल का?

सायली२२:
कृपया ही ओळ कुठेच लिहू नका! मी पेनसिल्व्हेनियात लायसन्स असलेली एजंट आहे. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार जाहिरातीत वंश, धर्म, मूळ देश वगैरे पाहून पसंती दाखवता येत नाही, आणि पाटीसुद्धा जाहिरातच आहे. एजंटशिवाय स्वतः घर विकणाऱ्यांना त्या कायद्यात काही सवलती आहेत, पण जाहिरातीच्या शब्दांना सवलत नाही. हेतू चांगला आहे हे मला कळतं, पण वाचणाऱ्या दुसऱ्या माणसाला 'हे घर तुमच्यासाठी नाही' असंच ऐकू येतं. घराचं वर्णन करा, घेणाऱ्याचं करू नका. 'स्वयंपाकघर उत्तम स्थितीत' पुरेसं आहे.

आता दोन आठवडे आधीची पाटी. रिअल्टर्सच्या (घरांच्या एजंटांच्या) राष्ट्रीय संघटनेचा २०२० पासून नियम आहे: घराची सार्वजनिक जाहिरात सुरू झाली की कामकाजाच्या एका दिवसात ते एमएलएसवर (एजंटांच्या सामायिक यादीवर) टाकावं लागतं, आणि दारातली पाटी सार्वजनिक जाहिरातीतच मोजतात. त्यामुळे पाटी आधी आणि लिस्टिंग मागाहून असं तुमच्या एजंटला करता येणार नाही. 'कमिंग सून' असं वेगळं लिस्टिंग असतं, त्याच्यासोबत तशी पाटी चालते, पण आमच्याकडे त्या काळात घर कुणालाही दाखवता येत नाही. घरात आजी आहेत म्हणून मी तर थेट तयारी पूर्ण करून एकदमच बाजारात उतरा असं सांगेन. जितके दिवस पाटी, तितके दिवस त्यांना ताण.

धूळपाटी:
पुण्याहून लिहितोय, अमेरिकेचं काही ठाऊक नाही. आमच्याकडे मोकळ्या प्लॉटवर उलटीच पाटी लावावी लागते: 'सदर जागा विकणे नाही', खाली गट नंबर आणि मालकाचं नाव. आपली जमीन भलत्यानेच विकू नये म्हणून. तुमची पाटी वाचून ते आठवलं.

कोरांटी:
धूळपाटी, इथेही याची गरज पडते. घर रिकामं झालं की भामटे लिस्टिंगमधले फोटो उचलून तेच घर भाड्याने आहे अशी खोटी जाहिरात टाकतात आणि आगाऊ रक्कम घेऊन पसार होतात. आमच्या दारात एक कुटुंब सामान घेऊन येऊन उभं राहिलं होतं, पैसे भरून. लहान मुलगी होती बरोबर. ते चेहरे अजून डोळ्यांसमोर आहेत. धागाकर्ती, तुम्ही नव्या घरात आधी जाणार असाल तर खिडकीत 'हे घर भाड्याने नाही' नक्की लावा.

मूळ प्रश्नकर्ती:
हे तर डोक्यातच नव्हतं. आधी आम्हीच हलणार आहोत, तेव्हा लावते.

ताजी खबर: नियमावलीत भिंतीलगतच्या वाफ्यात एक पाटी चालते असं स्पष्ट आहे. ऑफिसनेही ईमेलवर होकार दिला. काल सासूबाईंशी नीट बसून बोलले. त्या म्हणाल्या, "तुम्ही घरी असताना लावा की. सोमवारी काढून ठेवा." इतकं सोपं आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी लावायची आणि रविवारी रात्री आत आणायची, असं ठरवतोय. एजंटची कंपनी हे मान्य करेल का?

सायली२२:
न मान्य करायला काही कारण नाही, घर तुमचं आहे. फक्त लाकडी खांबाची पाटी घेऊ नका. ती बसवायला खड्डा खणावा लागतो. खणण्याआधी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लायनी आखून घ्याव्या लागतात, न्यू जर्सीत त्यासाठी किमान तीन कामाचे दिवस आधी कळवायचं असतं. आणि तो खांब दर आठवड्याला निघणारही नाही. १८ बाय २४ इंचांची प्लास्टिकची पाटी आणि तारेची चौकट मागा. हाताने रोवता येते, हाताने उपटता येते. वाफ्यात ठिबकची नळी असेल तर ती कुठून जाते ते आधी बघून घ्या.