१८७१ चा बेसबॉल हंगाम पुन्हा खेळवायचा, तर शिकागो जळायलाच हवं का?

पंचनामा

'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' हा संगणकावरचा सिम्युलेशन खेळ इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. मार्कुस हाइनसोन या जर्मन माणसानं १९९९ मध्ये त्याची पहिली आवृत्ती काढली. त्यात आपण बॅट फिरवत नाही. क्लब चालवायचा, खेळाडू निवडायचे, सामने जुन्या आकडेवारीच्या जोरावर आपोआप खेळले जातात. सुरुवात थेट १८७१ पासून करता येते, म्हणजे अमेरिकेतल्या पहिल्या व्यावसायिक लीगपासून. 'नॅशनल असोसिएशन' तिचं नाव. प्रवेश फी दहा डॉलर. दहा डॉलर भरले की तुमचा क्लब अजिंक्यपदाच्या शर्यतीत.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. हा काळ खेळवायचा तर जसा घडला तसाच खेळवावा. ४ मे १८७१ ला फोर्ट वेनच्या केकिओंगा क्लबनं क्लीव्हलंडला २-० हरवलं, तो या लीगचा पहिला सामना. तेव्हा एकेक संघ सामन्याला सरासरी दहाच्या वर धावा काढायचा, हे लक्षात घेतलं की त्या २-० चं मोल कळतं. पण हाच केकिओंगा हंगाम संपायच्या आत बंद पडला. माझ्या खेळातही तो बंद पडतो, मी स्वतः पाडतो. ऑक्टोबरात शिकागोची आग लागते, तिथल्या व्हाइट स्टॉकिंग्ज संघाचं मैदान जळतं, उरलेले सामने त्यांना परगावी खेळावे लागतात आणि पुढची दोन वर्षं शिकागोचा संघच नसतो.

अनेक जण हे सगळे पर्याय बंद करून टाकतात. सगळे क्लब धडधाकट, सगळ्यांचे सामने सारखे. मग १८७६ मध्ये शिकागो क्लबच्या विल्यम हलबर्टला नवी नॅशनल लीग का काढावी लागली, ते त्या खेळातून कळणारच नाही. १८७५ मध्ये बॉस्टन ७१ जिंकले, ८ हरले. ब्रुकलिन अटलांटिक्स २ जिंकले, ४२ हरले. किओकक नावाच्या आयोवातल्या छोट्या गावाचा क्लब १३ सामने खेळून घरी गेला. ही मोडतोड हाच त्या पाच वर्षांचा इतिहास आहे. ती काढून टाकली तर उरतात फक्त जुनी नावं.

तुम्हाला काय वाटतं?

आकडेमोड

पूर्ण असहमत, आणि कारण तुमच्याच उदाहरणात आहे.

१८७१ चा शेवट बघा. फिलाडेल्फिया अॅथलेटिक्स २१-७ (२१ जिंकले, ७ हरले), बॉस्टन २०-१०, शिकागो १९-९. तीन संघ जवळजवळ एका रेषेत. बॉस्टनचा जॉर्ज राइट, त्या काळातला सर्वोत्तम शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर), पाय दुखावल्यामुळे निम्म्याच्या आसपासच सामने खेळला. शिकागोचं मैदान जळालं. रॉकफर्डनं जिंकलेले काही सामने काढून घेतले गेले, कारण स्कॉट हेस्टिंग्ज हा त्यांचा खेळाडू दुसऱ्या क्लबकडून खेळून पुरेसे दिवस व्हायच्या आत मैदानात उतरला होता. म्हणजे विजेता कोण हे एका पायावर, एका आगीवर आणि एका बैठकीवर ठरलं.

आता तुम्ही पाय मोडणार, आग लावणार, सामने काढून घेणार आणि शेवटी अॅथलेटिक्स जिंकले म्हणणार. ते तर पंचांगात लिहिलेलंच आहे! सिम्युलेशनचा उपयोग एवढाच की तोच हंगाम पुन्हा पुन्हा फिरवून बघता येतो. दहापैकी सहा वेळा बॉस्टन जिंकत असेल तर मला कळतं की अॅथलेटिक्सचं अजिंक्यपद बरंचसं नशिबाचं होतं. तीस सामन्यांच्या हंगामात नशिबाचा वाटा फार मोठा असतो. इतिहास समजून घ्यायचा तो असा.

पंचनामा

@आकडेमोड, नशिबाचा वाटा मोजायचा असेल तर तुमची पद्धत योग्य, ते मान्य. पण शिकागोची आग हे बॅटचं नशीब नाही. ३० ऑक्टोबरला ते ब्रुकलिनमध्ये अॅथलेटिक्सशी निर्णायक सामना खेळले, उसन्या, एकमेकांशी न जुळणाऱ्या कपड्यांत, आणि ४-१ हरले. ज्यांचं शहर नुकतंच बेचिराख झालंय अशा खेळाडूंची त्या दिवशीची ताकद कुठल्या आकड्यात धरणार? तुमच्या दहा फेऱ्यांत ते सगळे ताजेतवाने, घरी जेवून आलेले असतात. मग त्या दहा फेऱ्या १८७१ च्या कशा?

स्वल्पविराम

क्रिकेटवाल्यांसाठी थोडं विषयांतर. यातली अर्धी माणसं क्रिकेटमधूनच आलेली. हॅरी राइटचा जन्म शेफील्डचा, वडील न्यूयॉर्कमध्ये सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचे व्यावसायिक खेळाडू. हॅरी आणि जॉर्ज हे दोघे भाऊ आधी क्रिकेट खेळले. बेसबॉलचा धावफलक ज्यानं घडवला तो हेन्री चॅडविकही इंग्लंडात जन्मलेला, आधी क्रिकेटच्या बातम्या देणारा. हॅरीनंच १८६९ मध्ये सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे पगारी असलेला पहिला संघ बांधला. ते अख्खं वर्ष एकही सामना हरले नाहीत. १४ जून १८७० ला ब्रुकलिन अटलांटिक्सनी अकराव्या डावात ८-७ हरवलं, आणि त्या हंगामानंतर संघ विसर्जित झाला.

मूळ प्रश्नावर: मी पंचनामांच्या बाजूनं. आकडेमोडांची पद्धत संशोधनाची, पंचनामांची इतिहास जगून बघण्याची. मला जगून बघण्यात जास्त रस आहे.

हडसनकाठची

इतका वेळ आग, पाय आणि फीबद्दल चर्चा चालू आहे. "जसं घडलं तसंच" म्हणताना सगळ्यात मोठं जे घडलं, ते कुणीच बोललं नाही.

डिसेंबर १८६७ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रीय संघटनेनं कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या क्लबना सदस्यत्व नाकारलं. त्याच सुमारास फिलाडेल्फियाच्या पिथियन या कृष्णवर्णीयांच्या क्लबलाही राज्याच्या संघटनेचं दार बंद झालं होतं. १८७१ च्या नॅशनल असोसिएशननं असा नियम लिहिला नाही. लिहायची गरजच पडली नाही. पुढे १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलीडोकडून अमेरिकन असोसिएशन या तेव्हाच्या मोठ्या लीगमध्ये ४२ सामने खेळला, कॅचर म्हणून, म्हणजे बॅटरमागे चेंडू झेलणारा. त्याआधी १८८३ मध्ये टोलीडोतल्या एका प्रदर्शनी सामन्यात शिकागोचा कर्णधार कॅप अँसन "हा खेळणार असेल तर आम्ही उतरत नाही" म्हणून अडून बसला. टोलीडोनं वॉकरला उतरवलंच, आणि तिकिटांचा पैसा बुडायची वेळ आल्यावर अँसन खेळला. १४ जुलै १८८७ ला मात्र इंटरनॅशनल लीग या दुय्यम लीगच्या संचालकांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना नवे करार द्यायचे नाहीत असं मतदान केलं, आणि त्याच दिवशी शिकागोविरुद्धच्या प्रदर्शनी सामन्यात नेवार्कचा कृष्णवर्णीय पिचर (चेंडू टाकणारा) जॉर्ज स्टोवी उतरला नाही.

पंचनामा, तुम्ही १८७१ ला सुरुवात करून पुढे जात राहिलात, तर १८८७ मध्येही "जसं घडलं तसंच" म्हणणार का? बटण तुमच्या हातात असताना स्टोवीला तुम्ही स्वतः बाहेर बसवणार का? मी बसवणार नाही. माझ्या खेळात वॉकर खेळत राहतो, त्याच्यासारखेच डावलले गेलेले कृष्णवर्णीय खेळाडूही येतात: फ्रँक ग्रँट सेकंड बेसवर मोठ्या लीगमध्ये येतो, बड फाउलरला क्लब मिळतो. ग्रँट २००६ मध्ये आणि फाउलर २०२२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेले. त्यांची लायकी आज सर्वमान्य आहे, तर माझ्या संगणकावर ती १८८७ मध्येच मान्य करायला काय हरकत?

पंचनामा

@हडसनकाठची, प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ देतो. हो, मी तसंच ठेवतो. मला ते पटतं म्हणून नाही. अँसननं हजारो हिट मारले, त्याचा संघ पाच वेळा नॅशनल लीग जिंकला, आणि हे सगळं अशा मैदानावर जिथे ग्रँटला पाय ठेवू दिला नाही. माझ्या खेळात वॉकर आणि ग्रँट सुखानं खेळू लागले की अँसनच्या नावावरचा डाग पुसला जातो. त्याला इतकी स्वस्त सुटका मला द्यायची नाही.

हडसनकाठची

पण तुमच्या खेळात डाग दिसतो कुठे? पडद्यावर वॉकरचे ४२ सामने येतात आणि मग तो गायब होतो. का गायब झाला, हे खेळ सांगत नाही. तुम्हाला ठाऊक आहे म्हणून तुम्हाला दिसतं. तुमच्या शेजारी बसून बघणाऱ्याला फक्त एक कॅचर एक हंगाम खेळून गेला एवढंच दिसेल. पिथियन क्लबचं तर खेळात नावही नाही, कारण ज्या आकडेवारीवर हा खेळ उभा आहे तिच्यात ते कधी नोंदलेच गेले नाहीत. बाहेर ठेवण्याची नोंद होत नसते. म्हणून "आकड्यांना धरून" खेळणं म्हणजे आपोआप बाहेर ठेवणाऱ्यांच्या बाजूनं खेळणं होतं.

मैदानाबाहेर

हे वाचताना आपल्या बाळू पालवणकरांची आठवण येणं अपरिहार्य आहे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी, पण हिंदू संघाचं कर्णधारपद दलित म्हणून त्यांना दिलं नाही. भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले. हिंदू संघ ज्यात खेळायचा त्या मुंबईच्या स्पर्धांचं सिम्युलेशन कुणी बनवलं, तर मी पहिल्याच दिवशी बाळूंना कर्णधार करीन. इतिहास बदलायला नाही. कर्णधार म्हणून ते काय करू शकले असते, हे बघायचा तेवढाच एक मार्ग उरलाय म्हणून. हडसनकाठची यांच्याशी सहमत.

आकडेमोड

@मैदानाबाहेर, @हडसनकाठची, भावना पोहोचते, पण एक अडचण मांडू दे. ग्रँट मोठ्या लीगमध्ये कसा खेळला असता हे खेळाला माहीत नाही. तुम्ही त्याला जे गुण द्याल तेवढाच तो खेळेल. म्हणजे उत्तर आधी तुम्ही लिहिता आणि मग खेळाकडून तेच ऐकता. पुराव्याच्या बाबतीत तुमची आणि पंचनामांची अवस्था सारखीच.

हे ज्यांचे आकडे आहेत त्यांच्याबाबतही होतं. रॉस बार्न्स घ्या. बॉस्टन आणि मग शिकागोचा सेकंड बेसमन. १८७६ मध्ये सरासरी .४२९. बेसबॉलमध्ये .३०० म्हणजे उत्तम बॅटर, यावरून अंदाज घ्या. त्याचं हत्यार होतं फेअर-फाउल फटका: चेंडू आधी मैदानाच्या बाजूच्या रेषेच्या आत टप्पा घेई आणि मग फिरून बाहेर जाई, आणि तेव्हाच्या नियमानं तो वैध धरला जाई. १८७७ मध्ये नियम बदलला, असा चेंडू फाउल, म्हणजे अवैध, ठरला. त्या वर्षी बार्न्स २२ सामने खेळला, सरासरी .२७२, आणि नंतर कधीच .३०० च्या वर गेला नाही.

नियमानं संपला? वर्षानुवर्षं तसंच सांगितलं गेलं. पण त्याच १८७७ मध्ये तो तापानं खंगला होता, आजारपणात कापलेल्या पगारासाठी तो कोर्टातही गेला. आता खेळाला सांगा, बार्न्सची १८७७ ची ताकद किती? दरवर्षीच्या खऱ्या आकड्यांवरून गुण ठरवायचा पर्याय चालू ठेवला, तर खेळ बार्न्सला थेट वाईट खेळाडू करून टाकतो, कारण नियम की ताप हे त्याला कळत नाही. तो पर्याय बंद ठेवला तर बार्न्स आणखी सहा वर्षं .४०० मारत राहतो, आणि नियम बदललाय हे खेळाच्या गावीही नसतं. पंचनामा, "जसं घडलं तसं" यातलं कुठलं?

स्वल्पविराम

ही अडचण बार्न्सपुरती नाही. तेव्हा पिचर ४५ फुटांवरून खालून चेंडू टाकायचा, बॅटर "उंच हवा" की "खाली हवा" ते सांगायचा, फील्डर उघड्या हातांनी झेलायचे. १८७१ मधल्या निम्म्याहून जास्त धावा फील्डरांच्या चुकांतून आलेल्या. खेळ हे सगळं एकूण आकड्यांत जुळवून देतो, एरर वाढवतो, होमरन कमी करतो. निकाल १८७१ सारखे दिसतात, पण आतला चेंडू आजचाच असतो.

पंचनामा

@आकडेमोड, बार्न्सबाबत माझ्याकडे पद्धत आहे. मी आकड्यांवरून गुण ठरवायचा पर्याय बंद ठेवतो, आणि १८७७ मध्ये त्याला आजारपण देऊन अर्ध्याहून जास्त हंगाम बाहेर बसवतो. परत आला की बॅटिंगचा आकडा हातानं थोडा खाली आणतो, नियमापोटी. किती खाली, हे माझं ठरवणं, आणि ते मी खेळाच्या नोंदवहीत लिहून ठेवतो. इतिहासकारही पुरावा अपुरा पडतो तिथे हेच करतो: अंदाज मांडतो आणि तो अंदाज आहे हे सांगतो.

@हडसनकाठची, शेजारी बसणाऱ्याला का कळणार नाही, हा तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. पण त्यावर उपाय नोंदवहीचाच. १८८७ आलं की मी स्टोवीचं, ग्रँटचं नाव आणि १४ जुलैचं मतदान तिथे लिहीन, हंगामाच्या निकालाच्या वर. वॉकरला खेळवणार मात्र नाही.

१८७६ च्या शेवटाबद्दलही माझा हाच हट्ट आहे. न्यूयॉर्क म्युच्युअल्स आणि फिलाडेल्फिया अॅथलेटिक्स पश्चिमेच्या दौऱ्यावर गेले नाहीत, म्हणून हलबर्टनं देशातल्या दोन सर्वांत मोठ्या शहरांचे क्लब हाकलले. १८८३ पर्यंत नॅशनल लीगमध्ये ना न्यूयॉर्क, ना फिलाडेल्फिया! मोकळा सोडलेला खेळ असं कधीच करणार नाही. त्याच्या हिशेबात मोठं शहर म्हणजे मोठं उत्पन्न.

हडसनकाठची

नोंदवही ठेवा, चांगलंच आहे. पण बघा, बार्न्सला तुम्ही अंदाजानं गुण द्यायला तयार आहात. त्याचा ताप किती, नियम किती, हे ठाऊक नसताना आकडा बसवता आणि त्याला इतिहासकाराचं काम म्हणता. ग्रँटला अंदाजानं गुण दिले की मात्र तो पुरावा नाही, असं आकडेमोड म्हणतात आणि तुम्ही गप्प बसता. ग्रँट इंटरनॅशनल लीगमध्ये बफेलोकडून खेळला, तिथले त्याचे आकडे आहेत. त्यावरून अंदाज बांधता येतो, बार्न्सइतकाच कच्चा किंवा पक्का. दोघांना एकच माप लावा. मग त्याला बाहेर बसवायचं असेल तर बसवा, पण पुरावा नाही म्हणून बसवलं असं लिहू नका. अँसनला नको होता म्हणून बसवलं, असं लिहा.

आकडेमोड

@हडसनकाठची, एकच माप हे मान्य. बफेलोचे आकडे धरून ग्रँटला १८८८ च्या नॅशनल लीगमध्ये घालतो आणि हंगाम बऱ्याच वेळा फिरवतो. पंचनामा, तुम्ही बार्न्सचा आकडा किती खाली आणलात तेवढा सांगा, म्हणजे तोच सावधपणा इकडे लावता येईल.