मदत हवी आहे : अकरावीत एपी केमिस्ट्री, की ऑर्केस्ट्रा ठेवून एपी एन्व्हायर्नमेंटल? (न्यू जर्सी)

रानजाई :

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक इथल्या पब्लिक हायस्कूलमध्ये दहावीत आहे. अकरावीचे विषय निवडायचा फॉर्म फेब्रुवारीअखेर द्यायचा आहे आणि घरात एकमत होत नाहीये. ज्यांची मुलं इथल्या शाळांतून कॉलेजात गेली आहेत, किंवा जे स्वतः इथेच शिकलेत, त्यांनी कृपया वाचून मत द्यावं. जरा लांबलचक लिहितेय, कारण अर्धवट माहिती देऊन सल्ला मागण्यात अर्थ नाही.

इथली पद्धत माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात : आपल्याकडे दहावीनंतर एकदाच सायन्स-कॉमर्स-आर्ट्स ठरतं. इथे दरवर्षी एकेक विषय आणि त्याची पातळी निवडायची असते, साधा, ऑनर्स (त्याहून अवघड) की एपी. एपी म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यास, पण शाळेतच. परीक्षा कॉलेज बोर्ड घेतं, मे महिन्यात, आणि निकाल १ ते ५ असा लागतो. चांगला निकाल आला तर बरीच कॉलेजं क्रेडिट देतात, म्हणजे तो विषय झाला असं धरतात, पण नियम ज्याचा त्याचा. रटगर्सला (न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ) ४ किंवा ५ लागतात, कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठात, म्हणजे यूसीत, ३ वरही मिळतं.

लेकीला पर्यावरणशास्त्र शिकायचंय. ही नुसती हौस नाही. उन्हाळ्यात ती ओढ्यांचं पाणी तपासणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर जाते. गमबूट घालून पाण्यात उतरायचं, दगडांखालचे किडे जाळीत धरायचे, पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून एकेक ओळखायचा. मेफ्लाय आणि स्टोनफ्लायची पिल्लं निघाली की पाणी चांगलं. नुसत्या जळवा आणि लालसर अळ्या निघाल्या की वरच्या अंगाला काहीतरी बिघडलंय. घरी आली की जेवताना तेच बोलणं. रटगर्सचं पर्यावरण आणि जीवशास्त्राचं स्कूल तिच्या यादीत सगळ्यात वर आहे.

आता अडचण. तिच्या शाळेत लॅबमुळे एपी केमिस्ट्रीला डबल पिरियड आहे आणि त्यातला दुसरा तास नेमका ऑर्केस्ट्राच्या तासावर येतो. ती चौथीपासून व्हायोला (व्हायोलिनहून थोडं मोठं वाद्य) वाजवते. व्हायोलिनवाली मुलं ढीगभर, व्हायोलावाली मोजकीच. सरांनी पुढच्या वर्षी तिला व्हायोलांची सेक्शन लीडर करायचं ठरवलंय. एपी एन्व्हायर्नमेंटल सायन्स मात्र एकाच तासाचं आहे. ते घेतलं तर ऑर्केस्ट्रा राहतो.

वरवर पाहता उत्तर सोपं वाटतं : पर्यावरण शिकायचंय ना, मग पर्यावरणाचंच एपी घे. पण कॉलेजांच्या वेबसाइट बघितल्या तर पर्यावरणशास्त्राच्या बी.एस.ला पहिल्या वर्षी जनरल केमिस्ट्री जवळपास सगळीकडे आहे, कॅल्क्युलसही आहे. शाळेत मुलांमध्ये बोललं जातं की एन्व्हायर्नमेंटल हे ‘हलकं’ एपी. लेक म्हणते, ज्या विषयासाठी मी चिखलात उभी राहते तो हलका कसा? तिचं म्हणणं मला पटतं. पण अर्ज वाचणाऱ्यांना ते पटेल का, हे कळत नाही.

शिवाय जीपीएचं, म्हणजे ग्रेडच्या सरासरीचं, गणित आहे. त्यांच्या शाळेत एपीतल्या ‘ए’ला ५.०, ऑनर्सला ४.५ आणि साध्या विषयाला ४.० धरतात. ऑर्केस्ट्रा ‘साधा’ विषय. म्हणजे वर्षभर उत्तम वाजवून पूर्ण ‘ए’ मिळाला तरी वेटेड सरासरी खालीच ओढली जाते. तो तास सोडून स्टडी हॉल (ग्रेड नसलेला, स्वतःचा अभ्यास करायचा तास) घेतला तर आकडा वर जातो! हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

नवऱ्याचं मत स्पष्ट आहे. आत्ता केमिस्ट्री पक्की झाली तर कॉलेजात पहिलं वर्ष जड जाणार नाही, व्हायोला शनिवार-रविवारी वाजवता येईल. त्याचा मुद्दा चुकीचा नाही. पण ऑर्केस्ट्रा एकटीने घरी वाजवता येत नाही, हेही खरं.

बाकी ठरलेलं : एपी इंग्लिश लँग्वेज नक्की, अमेरिकन इतिहास ऑनर्समध्ये, फिजिक्स ऑनर्समध्ये. एपी कॅल्क्युलसच्या दोन पातळ्यांपैकी एबी की बीसी, हा दुसरा प्रश्न. बीसीचा अभ्यासक्रम पाहिला. त्यात एबीचं सगळं आहेच, वर इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पोलर आणि शेवटी इन्फिनिट सीरिज. बाय पार्ट्स आपण बारावीत केलं, टेलर-मॅक्लॉरिन तर मला इंजिनिअरिंगला लागलं होतं. ही मुलगी सोळाव्या वर्षी ते करणार. जमेल तिला, पण त्याच वर्षी केमिस्ट्रीही असेल तर झोप कधी घेणार?

तर : केमिस्ट्री अकरावीत नसेल तर अर्ज खरोखर कमकुवत ठरतो का? ती बारावीत घेतली तर चालतं का? आणि असा तासांचा गोंधळ कोणी सोडवला असेल तर कसा, तेही सांगा.

दूरदेशी :

रानजाई, एक गोष्ट आधी करा. काउन्सेलरला (विषय आणि कॉलेजचे अर्ज बघणाऱ्या शाळेच्या सल्लागाराला) भेटून थेट विचारा की कॉमन अॅपच्या (बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक अर्जाच्या) स्कूल रिपोर्टमध्ये तुम्ही कोणत्या चौकटीवर खूण करणार. त्या फॉर्मवर शाळेला सांगावं लागतं की या मुलीने निवडलेले विषय त्याच शाळेतल्या कॉलेजला जाणाऱ्या इतर मुलांच्या तुलनेत किती अवघड होते. सगळ्यात वरची चौकट ‘सर्वात कठीण’. केमिस्ट्रीऐवजी एन्व्हायर्नमेंटल घेतल्यावर ती खूण बदलणार नसेल, तर निम्मी काळजी तिथेच मिटली. प्रत्येक शाळेचा हिशोब वेगळा असतो, त्यामुळे इथे आम्ही कितीही सांगितलं तरी खरं उत्तर त्यांच्याकडेच आहे.

वेटेड जीपीएबद्दल : अर्जाबरोबर शाळेची प्रोफाइलही जाते, तिच्यात ही ५.०-४.०ची पद्धत लिहिलेली असते. बरीच कॉलेजं स्वतःच्या पद्धतीने सरासरी पुन्हा काढतात. ऑर्केस्ट्रामुळे शेवटच्या दशांशात पडलेल्या फरकासाठी तो सोडायला लावू नका.

माझ्या मुलाला एपी केमिस्ट्रीत ४ होते. कॉलेजने क्रेडिट दिलं, तरी त्याने सल्लागाराच्या सांगण्यावरून जनरल केमिस्ट्री पुन्हा घेतली, कारण पुढे ऑरगॅनिक घ्यायचं होतं. त्यामुळे ‘आत्ता उरकून टाकू’ या हिशोबाने केमिस्ट्री घेऊ नका. तिला आवडत असेल तर जरूर घ्या.

मेधाविनी :

मी टेक्ससमध्ये हायस्कूलला केमिस्ट्री शिकवते, म्हणून राहवलं नाही.

एपी केमिस्ट्रीत किमान १६ प्रयोग अपेक्षित असतात आणि शिकवण्याचा पाव भाग वेळ लॅबमध्ये जावा लागतो. डबल पिरियड त्यासाठीच. परीक्षा सव्वातीन तासांची असते, ६० बहुपर्यायी आणि ७ लेखी प्रश्न. पण मुलं अडतात ती परीक्षेला नाही, त्याच्या खूप आधी, इक्विलिब्रियम आणि बफर सुरू झाले की. दहावीच्या ऑनर्स केमिस्ट्रीत तिला मोलची गणितं आणि लिमिटिंग रिएजंट सूत्र पाठ न करता, समजून सोडवता येतात का? तिची सध्याची वही उघडून बघा. तिथे ती रमत असेल तर एपी जमेल. नुसती मार्कांपुरती करत असेल तर बीसी आणि केमिस्ट्री एका वर्षात नको.

एन्व्हायर्नमेंटल हलकं आहे, हे मला मान्य नाही. ८० बहुपर्यायी आणि ३ मोठे लेखी प्रश्न. त्यात प्रयोगाची आखणी करायची, गणित पायऱ्यांसह मांडायचं, एखाद्या समस्येवर उपाय सुचवून त्याचं समर्थन करायचं. ओढ्यात उभी राहिलेली मुलगी तिथे चमकेल. आणि विरघळलेला ऑक्सिजन, पीएच, नायट्रेट ही सगळी केमिस्ट्रीच आहे हेही तिला दाखवा, म्हणजे ‘केमिस्ट्री की पर्यावरण’ असं भांडण उरणार नाही.

बारावीत केमिस्ट्री चालते. मधल्या वर्षात थोडं विसरायला होतं, एका उन्हाळ्याच्या उजळणीने भरून निघतं. फक्त एवढं लक्षात ठेवा की बारावीचा एपी निकाल जुलैत येतो, प्रवेश ठरून गेल्यावर. अर्जात विषयाचं नाव दिसतं आणि पहिल्या सहामाहीची ग्रेड मिडइयर रिपोर्टमधून पोचते, तीही नोव्हेंबरच्या अर्ली (लवकरच्या मुदतीच्या) अर्जानंतर. अकरावीचा निकाल मात्र अर्जात घालता येतो.

भिंगरी :

मी न्यू जर्सीतच शिकले, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. आमच्याकडे डबल पिरियड रोज नसायचा, एक दिवसाआड असायचा. तुमच्याकडेही तपासा. तसं असेल तर लॅबच्या दिवशी लॅब, उरलेल्या दिवशी ऑर्केस्ट्रा असा मार्ग निघतो, पण सरांची तयारी हवी. विनंती मुलीने स्वतः जाऊन करावी, पालकांच्या ईमेलपेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो. आणि कम्युनिटी कॉलेजात (स्थानिक दोन वर्षांच्या कॉलेजात) उन्हाळ्यात केमिस्ट्री करण्याचा सल्ला कोणी दिला तर विचारपूर्वक करा. ती ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) कायमची राहते, आणि वर्षाचा अभ्यास काही आठवड्यांत कोंबलेला असतो.

रानजाई :

सगळ्यांचे मनापासून आभार. काउन्सेलरला भेटून आले. खूण ‘सर्वात कठीण’वरच राहील, कारण त्यांच्या शाळेत ती एकूण एपी बघून ठरते आणि बारावीत केमिस्ट्री घेतल्याने यादी भरते. डबल पिरियड रोज नाही, ए-डे आणि बी-डेच्या आलटून-पालटून येणाऱ्या चक्रात फक्त बी-डेला आहे. हे फॉर्मवर कुठेच लिहिलेलं नव्हतं!

मेधाविनी, वही काढून बसले होते. मोलची गणितं ती माझ्याशी वाद घालत सोडवते, तेव्हा रमते असंच म्हणेन. त्यामुळे आता दोन रस्ते उरलेत. एक, अकरावीत एन्व्हायर्नमेंटल आणि बीसी, बारावीत केमिस्ट्री. दुसरा, अकरावीतच केमिस्ट्री, सोबत एबी, आणि ऑर्केस्ट्रा फक्त ए-डेला. नवरा अर्थात दुसऱ्याच्या बाजूने. लेक सोमवारी सरांशी बोलणार आहे. सेक्शन लीडर निम्म्या तालमींना नसेल तर ते तिच्याबरोबरच्या मुलांवर अन्याय होईल, असं तिचंच म्हणणं आहे.

अशी एक दिवसाआड तालीम चालवलेली कोणी पाहिली आहे का? मैफलीच्या आधीच्या आठवड्यात लॅबचं काय करायचं?